गावाला गाडी आहे का?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जनगणना झाली की प्रत्येक जिल्ह्याची एक पुस्तिका निघते. तिच्यात गावागावाची नोंद असते. घरं किती, माणसं किती, सहा वर्षांपर्यंतची मुलं किती, साक्षर किती. मग सोयी : शाळा, दवाखाना, टपाल, सार्वजनिक बस, रेल्वे स्थानक, रिक्षा, अगदी बैलगाडीसुद्धा. सोय गावात असेल तर 'आहे'. नसेल तर अंतराचं एक अक्षर. पाच किलोमीटरच्या आत 'ए', पाच ते दहा 'बी', दहाच्या पुढे 'सी'. गावाची कुंडली संपली!

मी रत्नागिरी जिल्ह्यातला. आमच्या जिल्ह्यात २००१ साली १६,९६,७७७ माणसं होती, २०११ साली १६,१५,०६९ उरली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना आम्ही ऐंशी हजारांनी घटलो. शेजारी सिंधुदुर्गातही घटच. आणि आमच्याकडे हजार पुरुषांमागे बायका ११२२. परका माणूस म्हणेल, वा, मुलींना केवढा मान! असेलही. पण जनगणनेत माणूस राहतो तिथे मोजला जातो, आणि आमचे बरेचसे पुरुष मुंबईत राहतात. गावात मागे राहिल्या त्या बायका, म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. स्वतःची मोटारसायकल नसलेली, एसटीवाचून अडणारी हीच माणसं.

आता पुस्तिकेतलं 'बस : आहे' पाहा. किती वाजता आहे, हे त्यात नाही. दुपारी एकदा येऊन जाणारी गाडीही 'आहे' आणि वस्तीची गाडीही 'आहे'. वस्तीची गाडी म्हणजे संध्याकाळी गावात येते, चालक-वाहक तिथेच झोपतात आणि सकाळी पहिल्या फेरीला निघतात. ही गाडी असली की मुलगी घरी राहून तालुक्याच्या कॉलेजात जाते. दूधवाला, भाजीवाली, दवाखान्यात निघालेले आजोबा, सगळे तिच्यातच. ती बंद झाली की मुलीला तालुक्याला खोली बघावी लागते. पुढच्या वर्षी धाकट्यासाठी आईही जाते आणि घराला कुलूप लागतं. मग आगाराला प्रवासी कमी दिसतात, म्हणून आणखी एक फेरी कमी होते. माझ्या मते कोकणातली गावं रिकामी होण्यात नोकरीइतकाच या वेळापत्रकाचाही हात आहे.

दुसरं असं, की आमचं गाव म्हणजे एका जागी वसलेली घरं नव्हेत, वाड्या. गाडी थांबते तिठ्यावर. सड्यावरच्या वाडीतल्या बाईला डोंगर उतरून तिथवर यावं लागतं, पण तिच्याही नावापुढे 'आहे'च. २०००च्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत गावाऐवजी वस्ती हा घटक धरला, ते शहाणपणाचं झालं. कोकण रेल्वे १९९८ला संपूर्ण मार्गावर धावू लागली खरी, पण स्थानकावर उतरल्यावर पुढे काय, हा प्रश्न आहेच. गणपतीत मात्र मुंबईहून जादा गाड्या थेट गावात येतात. म्हणजे रस्ता गाडीला पुरतो, हे दरवर्षी सिद्ध होतं!

ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या एसटीच्या संपात गाडीविना राहणं काय असतं, ते सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. चांगलंच झालं. पण अर्धं तिकीट काढायला आधी गाडी यायला हवी ना?

२०२१ची जनगणना झालीच नाही. पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे. तोवर एक करा. आपल्या गावाची पहिली गाडी किती वाजता, शेवटची किती वाजता, कुठली वाडी थांब्यापासून किती लांब, कॉलेजला जाणारी मुलं किती, आठवड्याचा बाजार कुठल्या वारी, हे एका कागदावर लिहून काढा. तो ग्रामसभेत वाचा आणि ठरावासह आगार व्यवस्थापकांकडे द्या. पोच घ्यायला विसरू नका.