नटीच्या संसाराचा हिशेब मागणाऱ्यांना

 रसिकहो, नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षपदाचं हे व्यासपीठ मला पुन्हा मिळणार नाही. आयुष्यभर जे विंगेत बोलले, ते आज माइकवर बोलणार आहे.

माझी तक्रार तुमच्याबद्दल आहे. मराठी माणसाला नटीचा संसार तोंडपाठ असतो आणि तिचं काम आठवत नाही. तिने कुणाशी लग्न केलं, कधी मोडलं, म्हातारपणी तिला कुणी सांभाळलं, हे पानाच्या ठेल्यावरही कळतं. तिने एखादा प्रवेश कसा बसवला, हे नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही सांगता येत नाही. माझ्या निवडणुकीतच पाहा. काही मंडळी माझ्या घटस्फोटाचं साल घरोघर सांगत फिरली. माझ्या चार भूमिकांची नावं विचारली असती, तर त्यांची बोबडी वळली असती. ती मंडळी आज दुसऱ्या रांगेत आहेत. त्यांनी शेवटपर्यंत बसावं.

मी मुद्दाम गोहरबाई कर्नाटकींचं नाव घेते. कुजबुज होईल, होऊ द्या. नारायणरावांना, म्हणजे बालगंधर्वांना, या बाईने बुडवलं, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं. पण त्यांची गंधर्व नाटक मंडळी कर्जात रुतली ती बाई येण्याच्या कितीतरी आधी. १९३५ साली नारायणराव प्रभात फिल्म कंपनीच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात उभे राहिले, ते काय हौसेने? गोहरबाई स्वतः नावाजलेल्या गायिका होत्या, त्यांच्या तबकड्या घरोघर वाजत होत्या. नारायणरावांचे पाय गेले तेव्हा त्यांची शुश्रूषा कुणी केली? १९६४ साली बाई गेल्या, १९६७ साली नारायणराव गेले, १९६८ साली पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर उभं राहिलं. ते उभं राहिलं हे योग्यच झालं. पण गोहरबाईंच्या वाट्याला आपण काय ठेवलं? शिव्या. त्यांच्या गाण्यावर, त्यांच्या रंगभूमीवरच्या वावरावर धड लिहायची तसदी किती जणांनी घेतली?

यावर एक उत्तर ठरलेलं आहे: नट्यांनीच आत्मचरित्रं लिहिली, संसार त्यांनीच उघडा केला. अहो, ती पुस्तकं नीट वाचा! शांता आपटे ‘कुंकू’ चित्रपट गाजवून १९३९ साली प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. प्रश्न कराराचा आणि पगाराचा होता. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ लिहिलं. त्यात या धंद्यात बाईला कसं पिळतात ते रोखठोक आहे. एका कामगार स्त्रीचा तो जबाब आहे, आणि आपण तिला तापट म्हणून मोकळे झालो. हंसा वाडकरांनी ‘सांगत्ये ऐका’ सांगितलं, अरुण साधूंनी ते शब्दबद्ध केलं. लोकांनी त्यातला फक्त संसार उचलला. त्याच नावाचा त्यांचा चित्रपट पुण्यात १३१ आठवडे चालला. ‘रामजोशी’ चित्रपटातली त्यांची बयाची भूमिका बघायला माणसं पुन्हा पुन्हा जात. ती बया त्यांनी कशी उभी केली, हे त्यांना कुणी विचारलं का?

तरुणपणी माझ्या पहिल्या मोठ्या भूमिकेवर एका वजनदार समीक्षकाने लांबलचक परीक्षण लिहिलं. नायकाच्या आवाजाची फेक, नेपथ्य, प्रकाशयोजना, सगळं होतं. माझ्याबद्दल एकच वाक्य होतं: वैयक्तिक आयुष्यातल्या दुःखाचा या अभिनेत्रीला फायदा झालेला दिसतो. तिसऱ्या अंकातला हुंदका मी तालमीत घोटून घोटून बसवला होता. श्वास कुठे घ्यायचा, पदर कुठल्या शब्दावर सोडायचा, सगळं ठरलेलं होतं. ते माझं काम होतं, आणि या गृहस्थांनी ते माझ्या नवऱ्याच्या खात्यावर जमा केलं! ते कात्रण मी जपून ठेवलं आहे. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. त्यांनी जिवंत बाईबद्दल लिहिलं होतं. त्या एका वाक्याने मराठी नाट्यसमीक्षा बिघडली, असं माझं ठाम मत आहे. पुढे आलेल्या प्रत्येकाने तीच वाट धरली.

आणि जिथे नटीचं हे काम होतं, त्या जागेचं काय? काहींना हे विषयांतर वाटेल, मला वाटत नाही. दौऱ्यावर निघालेली नटी सकाळपासून पाणी पीत नाही, कारण संध्याकाळच्या नाट्यगृहात स्वच्छतागृह कसं असेल याचा भरवसा नसतो. नऊवारी नेसून, दागिने चढवून, तुंबलेल्या मोरीसमोर उभं राहिल्याशिवाय हे कळायचं नाही. निर्माते मित्र समोर बसले आहेत, त्यांना मी बोल लावत नाही. नाट्यगृहाच्या किल्ल्या त्यांच्याकडे नसतात, महापालिकेकडे असतात. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकर कनातीमागे बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही गोष्ट आपण छाती फुगवून सांगतो. अभिमान कसला? बाळंतिणीला पुन्हा बोर्डावर उभं राहावं लागलं, याची शरम वाटली पाहिजे.

चांगलं झालं तेही सांगते. पुण्यात हिराबागेपाशी ज्योत्स्ना भोळे यांच्या नावाचं सभागृह आहे. ज्यांनी ते नाव दिलं त्यांना माझा नमस्कार. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक आलं आणि त्यात काम करून ज्योत्स्नाबाईंनी कुलीन घरातल्या मुलींना रंगमंचाची वाट मोकळी केली. तानांचा पसारा न मांडता नाटकातलं पद भावगीतासारखं कसं म्हणावं, हे त्यांनी दाखवलं. नटीबद्दल असं लिहायचं असतं. तिने कलेत काय बदललं, ते आधी सांगायचं.

आता ठराव. ज्येष्ठ अभिनेत्री हयात असताना त्यांच्या भूमिकांबद्दलच्या मुलाखती चित्रित करा. तालमीच्या संहिता, त्यांवरच्या खुणा, हालचालींच्या नोंदी जमा करा. प्रश्नावली मी तयार केली आहे, तिच्यात लग्नाबद्दल एकही प्रश्न नाही. दुसरा ठराव स्वच्छतागृहांचा: जिथे रंगपटाला लागून बायकांसाठी ते नसेल, त्या नाट्यगृहात पुढचं संमेलन भरणार नाही. दोन्ही ठराव विषय नियामक समितीकडे दिले आहेत. ‘यथावकाश विचार करू’ हे उत्तर मी स्वीकारणार नाही. उद्या खुल्या अधिवेशनात ते मताला टाका. नाही टाकले, तर समारोपाला अध्यक्षांची खुर्ची रिकामी राहील, आणि ती का रिकामी आहे हे मी बाहेर दारात उभी राहून प्रत्येकाला सांगेन.