ठोकळ्यांची रांगोळी



संगणकाच्या पडद्यावर एक मांजर आहे. तिच्याकडून चौरस काढून घ्यायचा, तर चार वेळा एकच हुकूम द्यायचा: १०० पावलं चाल, ९० अंश वळ. त्यासाठी ओळीच्या ओळी टंकाव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे माऊसने ओढून एकाखाली एक बसवले की झालं. न जुळणारा ठोकळा बसतच नाही, त्यामुळे एखाद्या स्वल्पविरामापायी काम अडत नाही. आता हाच चौरस १२ वेळा, दर वेळी ३० अंश वळून काढला, की पडद्यावर १२ पाकळ्यांची रांगोळी उमटते. ३० च्या जागी ३१ लिहून बघा. शेवटची पाकळी पहिलीला जास्तच खेटते. असं का झालं, हे शोधताना ३६० अंशांचा धडा आपोआप होतो.

या साधनाचं नाव स्क्रॅच. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत मिचेल रेस्निक यांच्या गटाने ते तयार केलं आणि २००७ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. त्याचं मूळ १९६७ च्या लोगो भाषेत आहे. सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या त्या भाषेत पुढे रेघा ओढणारं कासव आलं.

महाराष्ट्राला हे नवं नाही. २००७ मध्येच रायगड जिल्ह्यातल्या खैराट धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत मुलांच्या हाती हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. ठोकळे जोडून चित्र काढायचं टर्टल आर्ट हे या लॅपटॉपचंच साधन. आयआयटी मुंबईत श्रीधर अय्यर यांच्या पुढाकाराने झालेल्या ‘कॉम्प्युटर मस्ती’ या शालेय पुस्तकमालेतही स्क्रॅच आहे. आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासूनच्या टप्प्यात कोडिंगला जागा दिली आहे.

मग भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरच्या मुलांनी कशापासून सुरुवात करावी? परदेशी अंतराळयानं कशाला हवीत! तुमसर रोडहून तिरोडीकडे निघालेली गाडी पडद्यावर धावू शकते. चिखल्याच्या भूमिगत मँगनीज खाणीत वर-खाली होणारा पिंजरा करता येतो. आणि धानाची भरडाई तर तुमसरच्या घराघरात ठाऊक. सरकारी भरडाईत एक क्विंटल धानामागे साधारण ६७ किलो कच्चा तांदूळ धरतात. ‘धान’ नावाचा एक चल घ्यायचा, त्याला ०.६७ ने गुणायचं, उत्तर ‘तांदूळ’ या चलात ठेवायचं. बीजगणिताच्या तासाला जांभया देणारं मूलही इथे बापाच्या पोत्यांचा हिशेब लावून बघेल.

एक धोका मात्र आहे. गुरुजी फळ्यावर ठोकळे काढतात, चाळीस मुलं ते जसेच्या तसे उतरवतात आणि चाळीस पडद्यांवर एकच मांजर नाचते. याला शुद्धलेखन म्हणावं, सर्जनशील कोडिंग नव्हे. पहिला प्रोग्रॅम दाखवून झाला की शिक्षकांनी एकच सांगावं: यातलं काहीतरी बदल.

स्क्रॅच फुकट आहे आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं. ज्या शाळांचे संगणक कपड्याखाली झाकलेले आहेत, त्यांनी येत्या शनिवारी ते उघडून मुलांना तासभर द्यावेत.