थरमध्ये चार सायकली आणि सोळा लिटर पाणी

आजच्या एपिसोडमध्ये सायकल आहे, वाळवंट आहे आणि एक भांडणही आहे.

फेब्रुवारीत आम्ही चार मित्र सायकलने जैसलमेरहून तनोटला गेलो. अंतर साधारण १२० किलोमीटर. मध्ये रामगढला मुक्काम. “पुणे-लोणावळा जाऊन-येऊन तेवढंच होतं की!” असं बरेच जण म्हणाले. बरोबर आहे. पण लोणावळ्याच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी चहाची टपरी दिसते. रामगढ सोडलं की दिसतात खेजडीची झाडं, रुईची झुडपं, शेळ्यांचे कळप आणि सरळ जाणारा डांबरी रस्ता.

आणि हो, थर म्हणजे सगळी सिनेमातली सोनेरी वाळू नाही. बराचसा भाग खडकाळ, मुरमाड आहे. तनोटकडे जाल तशा टेकड्या वाढतात आणि वाळू उडून रस्त्यावर येते. अशा पट्ट्यात ब्रेक दाबायचा नाही, हँडल वळवायचं नाही. सरळ जाऊ द्यायचं, नाहीतर उतरून ढकलायचं.

दुसरा शत्रू काटे. सराटे आणि वेडी बाभूळ. पंक्चर झालं की नुसती ट्यूब बदलू नका. टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधा, पण जपून. तो तसाच राहिला तर नवी ट्यूबही गेलीच म्हणून समजा.

आता पाणी. रामगढ-तनोट टप्प्यासाठी माणशी चार लिटर धरलं. चौघांचं सोळा लिटर, म्हणजे सोळा किलो वजन! शिवाय ओआरएस. पाकीट नसेल तर एक लिटर पिण्याचं पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. घामातून मीठही जातं, त्यामुळे तासन्‌तास नुसतं साधं पाणी पीत राहणंही बरं नाही.

सकाळी निघालो. दहाच्या सुमारास समोरून वारा सुरू झाला. आम्ही एकामागे एक लागलो आणि पाच-पाच मिनिटांनी पुढचा माणूस बदलत राहिलो. वारा पुढचा खातो, मागच्यांना जरा आराम मिळतो.

तनोट वीसेक किलोमीटरवर असताना लक्षात आलं, की आमच्यातला सगळ्यात बडबड्या मित्र गप्प झालाय. काही विचारलं तर उत्तर उशिरा येतंय. थांबलो. डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणाला. त्याच्या बाटल्या बघितल्या, तर जवळजवळ भरलेल्या! पुढे लागेल म्हणून पठ्ठ्या पाणी वाचवत होता. पण बाटलीतलं पाणी शरीराच्या काय कामाचं?

खेजडीच्या सावलीत त्याला बसवलं, ओला रुमाल मानेवर ठेवला, घोट-घोट ओआरएस दिलं. आणि मग भांडण सुरू. एक म्हणाला, “याला गाडीत बसवू, आपण तिघं पूर्ण करू. एवढ्या लांबून आलोय यार!” मी म्हणालो, एकट्याला पाठवायचं नाही. आणि तो बिचारा सारखं म्हणत होता, “माझ्यामुळे थांबू नका रे.” हे वाक्य ऐकलं की हमखास थांबायचं, एवढं मला कळलंय.

तासाभराने चाऱ्याची एक पिकअप आली. ड्रायव्हरकाका लगेच तयार झाले. आणि गंमत बघा, सगळ्यात जास्त भांडणारा जो होता, त्यानेच आधी स्वतःची सायकल वर चढवली आणि मित्राशेजारी जाऊन बसला. आम्ही दोघं उरलेलं पाणी घेऊन सायकलने निघालो.

तनोटचं मंदिर बीएसएफचे जवान सांभाळतात. १९६५च्या युद्धात इथे पडलेले, पण न फुटलेले तोफगोळे आत ठेवलेत. आम्ही पोचलो तेव्हा ते बघायच्या आधी ऐकू आली ती आमच्या मित्राची बडबड. चहाचा ग्लास हातात, दोन जवानांना काहीतरी रंगवून सांगत होता. इतकं बरं वाटलं ना!

ॲपवर चौघांपैकी दोघांचीच राइड पूर्ण दिसते. दिसू दे. तुम्ही कुठेही ग्रुपने जा, वाळवंट असो की सह्याद्रीचा घाट, दर अर्ध्या तासाने एकमेकांच्या बाटल्या बघा. आणि बोलणारा गप्प झाला, तर आधी थांबा, मग विचारा.

तुमच्या ग्रुपमध्ये असं कधी झालंय का? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. तोवर पाणी पीत राहा. भेटूच!