भयाची चौकशी

(वर्षावास व्याख्यानमालेत अमळनेर येथे दिलेले व्याख्यान)



विषय काय घ्यावा असे विचारले तेव्हा विद्यार्थ्यांनी सुचविले, की इंटरव्ह्यूच्या भीतीवर बोला. आम्ही बँकेतले कारकून. ना डॉक्टर, ना मानसशास्त्राचे जाणकार. कला शाखेची पदवी आणि काउंटरवर काढलेली वर्षे, एवढीच आमची पुंजी. म्हणून भीतीवर औषध सांगणार नाही. भीतीची चौकशी कशी करावी, एवढेच बोलू.

घाबरलेल्या माणसाला आपण दोन गोष्टी सांगतो. "घाबरू नको" आणि "हिंमत धर". दोन्हींचा उपयोग होत नाही हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असते. तिसरी गोष्ट मज्झिम निकायातल्या चौथ्या सुत्तात, भयभेरव सुत्तात आली आहे. जाणुस्सोणी नावाचा ब्राह्मण भगवान बुद्धांना म्हणतो, की घनदाट अरण्यात एकट्याने राहणे फार अवघड. भगवान ते नाकारत नाहीत. बोधी मिळण्यापूर्वी आपल्यालाही तसेच वाटत होते, असे ते सांगतात. पण त्यांनी आधी शोध घेतला, की अरण्यात माणसाला भय नेमके कशामुळे वाटते? अशुद्ध आचरण, अशुद्ध उपजीविका, लोभ, संशय अशी एकेक कारणे त्यांनी स्वतःशी ताडून पाहिली. त्यातले एक कारण आम्हांला फार मार्मिक वाटते: मानसन्मानाची हाव. इंटरव्ह्यूला बसलेल्या मुलाने हे जरूर तपासावे. उत्तर चुकेल याचे भय किती, आणि गल्लीत लोक काय म्हणतील याचे किती?

पुढचा भाग अधिक महत्त्वाचा. पक्षातल्या चतुर्दशी, पौर्णिमा-अमावास्या आणि अष्टमीच्या रात्री, लोक ज्या चैत्यांना आणि झाडांना भीत, तिथे ते मुद्दाम जाऊन राहिले. एखादे जनावर येई, मोर काटकी मोडी, वाऱ्याने पाने सळसळत. मनात येई, हेच ते भय आले काय? मग त्यांनी ठरविले, की भय ज्या स्थितीत येईल त्याच स्थितीत त्याचा निकाल लावायचा. चालताना आले तर चालतच राहायचे. बसलेले असताना आले तर उठायचे नाही.

सात बोज्झंगांत सतीच्या लगेच पुढे धम्मविचय येतो. धम्मविचय म्हणजे मनात जे उठले त्याची छाननी. आम्ही त्याला साध्या मराठीत जिज्ञासा म्हणतो. पंडितांनी क्षमा करावी.

आता काउंटरवरचे उदाहरण. पेन्शन घेणाऱ्या एक आजी दर महिन्याला रांगेत तासभर उभ्या राहत. एटीएमकडे बघतही नसत. "भाऊ, मशीनने पैसे दिलेच नाहीत आन खात्यातून कापले तर?" आम्ही हसण्यावारी नेले नाही, कारण असे घडते. रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे, की अशी कापलेली रक्कम व्यवहारानंतर पाच दिवसांत खात्यात परत जमा झाली पाहिजे. उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई. पिन तीनदा चुकला तर कार्ड त्या दिवसापुरते अडते, रक्कम जात नाही. आजींनी एकेक प्रश्न विचारला, आम्ही उत्तर दिले, मग त्यांनी स्वतः पाचशे रुपये काढून पाहिले. हात थरथरत होते. थरथरत्या हातानेच काढले. चौकशी केल्यावर भयाचे दोन भाग झाले. एक खरा होता, त्याला नियम होता. दुसरा नुसता अंधार होता.

मानसोपचारवाले सांगतात ते याहून फार वेगळे नाही. भीतीची गोष्ट टाळली की लगेच बरे वाटते, आणि ते बरे वाटणेच भीतीला पोसते; कारण प्रत्यक्षात काय झाले असते हे कधी कळतच नाही. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. तो आवडीचे खात असताना ससा थोडा थोडा जवळ आणला. न घाबरणारी मुले त्याच्या देखत सशाशी खेळली. अखेर पीटर सशाला हात लावू लागला. कोणी त्याला शूर हो म्हणून दटावले नव्हते.

अल्बर्ट एलिस यांची गोष्ट तर तरुणांना आवडेल. एकोणीस वर्षांचे असताना परक्या स्त्रीशी बोलायला ते घाबरत. म्हणून १९३३ साली न्यूयॉर्कच्या एका वनस्पतीबागेत त्यांनी महिनाभर रोज बाकावर बसलेल्या स्त्रियांशी बोलण्याचा प्रयोग केला. एकशेतीसपैकी तीस उठून गेल्या, शंभरजणी बोलल्या. एकीनेच पुन्हा भेटण्याचे कबूल केले आणि ती आलीच नाही! पण आकाश कोसळत नाही हे त्यांनी स्वतः पाहिले. (हा प्रयोग आमच्या विद्यार्थ्यांनी बसस्टँडवर करू नये. बायाबापड्यांना त्रास होतो.) पुढे त्यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजविली. २०१२ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांना आढळले, की कोळ्याला भिणाऱ्या ज्या लोकांनी त्याच्यासमोर आपली भीती शब्दांत बोलून दाखविली, त्यांच्या शरीराचा क्षोभ आठवड्याने इतरांपेक्षा कमी होता.

येथे एक गोष्ट ठणकावून सांगतो. सगळे भय मनाचे खेळ नसतात. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर आपल्या लोकांवर हल्ला झाला. ते भय खरे होते. त्यावर बाबासाहेबांनी डोळे मिटून बसायला सांगितले नाही. सत्याग्रह केला, कोर्टात लढले, आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. वसतिगृहात कोणी जातीवरून छळत असेल तर "तुझ्या मनात न्यूनगंड आहे" असे त्या मुलाला सांगणारा गुरुजी असो वा डॉक्टर, त्याचे ऐकू नका. चौकशी करून भय खरे निघाले तर तक्रार लिहा, संघटनेकडे या.

आणि जे इंटरव्ह्यूचे, स्टेजचे, इंग्रजीचे भय आहे, त्यासाठी एक वही करा. डाव्या पानावर आधी लिहा: काय होईल असे वाटते, किती खात्री वाटते. "वाट लागेल" असे मोघम नको; "पहिल्या प्रश्नाला आवाज फुटणार नाही" असे नेमके लिहा. पोटात गोळा कुठे येतो, किती वेळ टिकतो, तेही पाहा. मग सोप्या जागी आधी करून बघा, अगदी या समाजमंदिरात त्रिशरण म्हणण्यापासून. उजव्या पानावर लिहा, प्रत्यक्षात काय झाले. पंधरा दिवसांनी दोन्ही पाने शेजारी ठेवून वाचा.

छातीत धडधड वारंवार होत असेल तर आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. कोणावर अत्याचार झालेला असेल, झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर वहीवर भागवू नका. टेलिमानस ही सरकारी सेवा २०२२ पासून आहे. १४४१६ या नंबरवर मराठीतून मोफत बोलता येते. वेड्याचा डॉक्टर म्हणून हसणारे हसोत.

वेळ संपल्याची चिठ्ठी अध्यक्षांनी पाठविली आहे. ज्यांना प्रश्न विचारायची भीती वाटते त्यांनी पहिले हात वर करावेत. जयभीम.