नाव कुणाचं, काम कुणाचं?

(करंजाडे येथे बचत गटांच्या बैठकीत केलेलं भाषण)



परमवीर चक्र हे युद्धातल्या शौर्यासाठीचं आपल्या देशातलं सर्वोच्च पदक. ते मिळवणाऱ्या वीरांची नावं मुलं शाळेत पाठ करतात. पण त्याची रचना एका बाईनं केली, हे किती जणींना ठाऊक आहे?

त्या सावित्रीबाई खानोलकर. जन्म 20 जुलै 1913 चा, स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल गावचा. माहेरचं नाव ईव्ह इव्होन मादे द मारोस. वडील हंगेरीचे, आई रशियन. 1932 साली विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून त्या इथल्या झाल्या. मराठी, संस्कृत शिकल्या, पुराणं अभ्यासली. हा व्यासंग पाहून मेजर जनरल हिरालाल अटल यांनी पदकाचं काम त्यांच्याकडे सोपवलं. मधे राजमुद्रा, भोवती चार वेळा इंद्राचं वज्र. हे पदक 26 जानेवारी 1950 ला सुरू झालं. पुढे त्यांनी महाराष्ट्रातल्या संतांवर इंग्रजीत पुस्तकही लिहिलं.

‘परदेशी असून किती आदर्श पत्नी!’ असं त्यांचं कौतुक होतं. मला ते अपुरं वाटतं. काम त्यांच्या बुद्धीचं होतं, ते तसंच सांगायला हवं.

आता त्यांच्या जन्मदेशाकडे पाहू. आपल्या राज्यघटनेनं 1950 मध्येच स्त्री-पुरुष दोघांना मत दिलं. श्रीमंत, शिकलेल्या स्वित्झर्लंडमध्ये बायकांना देशपातळीवर मत मिळालं ते 1971 साली. 1959 मध्ये तिथल्या पुरुषांनी मतदान करून ते नाकारलं होतं. अप्पेनझेल इनरऱ्होडन या प्रांतातले पुरुष तर शेवटपर्यंत अडून बसले. तिथल्या बायकांना प्रांताच्या कारभारात मत मिळालं ते न्यायालयाच्या निकालानं, 27 नोव्हेंबर 1990 ला. आदल्याच दिवशी सावित्रीबाई वारल्या होत्या.

पण आपणही फुशारकी मारायला नको. पहिल्या निवडणुकीच्या वेळी सुमारे 28 लाख बायकांची नावं मतदार यादीतून गळली. कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची मुलगी’ एवढंच नोंदवलं. हक्क कायद्यात होता, पण नाव नव्हतं म्हणून तो हातून गेला.

आणि आज, आपल्या करंजाड्यात? कुणी विमानतळासाठी गाव सोडून इथं आलेल्या, कुणी भाड्याच्या घरात, अकरा महिन्यांचा करार संपला की बिऱ्हाड हलवणाऱ्या. पत्ता बदलतो आणि मतदार यादीतलं नाव जुन्या गावीच राहतं. घराच्या कागदावर तर बहुतेक वेळा नवऱ्याचं किंवा सासऱ्याचंच नाव.

म्हणून आज घरी गेल्यावर दोन कागद काढून बघा : मतदार यादी आणि घराचा कागद. पत्ता बदलला असेल तर आठ नंबरचा अर्ज भरायचा. तो आपण पुढच्या बैठकीत मिळून भरू. घराच्या कागदाचं काम लांबेल, घरात वादही होतील. त्या वादात कुणी एकटी पडणार नाही, एवढं आपण इथंच ठरवू या.