चढाच्या गाडीला वाट

एसटीत मी ३२ वर्षं गाडी चालवली. त्यातली बरीचशी चिपळूण-कराड मार्गावर, म्हणजे कुंभार्ली घाटात. आज रस्त्यावरच्या रागाबद्दल बोलायचं आहे, तर सुरुवात त्या घाटातूनच करतो.

आषाढातली संध्याकाळ होती. पोफळी मागे पडली, चढ लागला. पाऊस आणि दाट धुकं. ४४ सीट भरलेल्या, सात-आठ माणसं उभी. मागे एक जीप लागली होती. तिचा अप्पर-डिप्पर सारखा आरशात मारत होता, हॉर्नवरचा हात निघत नव्हता. साईड द्यायला जागाच नव्हती. एका वळणापुढे रस्ता थोडा रुंद झाला, तशी मी गाडी डावीकडे दाबली आणि हात दाखवला. जीप पुढे गेली आणि वीस-पंचवीस फुटांवर आडवी उभी राहिली. आतला माणूस उतरला, माझ्या दाराच्या पत्र्यावर थापा मारत शिव्या देऊ लागला. "खाली उतर, दाखवतो तुला."

माझा पाय ब्रेकवर होता. मागे मालानं भरलेला ट्रक उभा. ओला रस्ता, अंगावर येणारा चढ, आणि गाडीत पन्नास जीव. हँडब्रेकच्या भरवशावर गाडी सोडून मी खाली उतरलो असतो आणि ती मागे सरकली असती, तर? मी काच चार बोटं खाली केली आणि म्हटलं, "दादा, चुकलं असेल माझं. गाडीत बायापोरं आहेत. तुम्ही व्हा पुढे." मग समोर बघत राहिलो, त्याच्या नजरेला नजर दिली नाही. तो आणखी थोडा वेळ बोलला आणि निघून गेला.

तो कशानं तापला होता, ते मला आजतागायत कळलेलं नाही. घरातलं काही असेल, पैशाचं असेल. माझ्याशी त्याचं वैर नव्हतं एवढं नक्की. चिडलेल्या माणसाला समोर कोणीतरी लागतं, आणि त्या दिवशी माझी गाडी त्याच्या समोर होती.

हे मला पहिल्यापासून कळत होतं असं नाही. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी पाटणच्या पुढे एका ट्रकवाल्यानं मला कट मारला. माझं डोकं फिरलं. त्याला गाठायचाच म्हणून गाडी रेटली आणि त्याच्या मागे चिकटलो. त्यानं ब्रेक मारला, मीही करकचून मारला. गाडीला गाडी लागली नाही. पण एका बाईच्या मांडीवरचं लेकरू पुढच्या सीटच्या दांडीवर आपटलं. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं. ती मला एका शब्दानंही बोलली नाही. कराड येईपर्यंत ओला रुमाल पोराच्या कपाळावर धरून बसली होती. वरच्या आरशात मला तो रुमाल दिसत होता. त्यानंतर मी कोणाच्या मागे गाडी घातली नाही.

मागे चिकटणं किती वाईट, ते साध्या हिशोबानं कळतं. ताशी ८० किलोमीटरनं धावणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. म्हणजे साधारण दोन एसट्या एकापुढे एक उभ्या केल्या, तर तेवढं अंतर. पुढच्याचा लाल दिवा दिसून आपला पाय ब्रेकवर पोचेपर्यंत एवढं अंतर सहज गेलेलं असतं. आणि एवढं करून मिळतं काय? दहा किलोमीटरला पन्नासनं बारा मिनिटं लागतात, साठनं दहा. दोन मिनिटं. त्यासाठी भर चौकात हमरीतुमरी होते, कॉलर धरली जाते.

एक थापड कुठवर जाते, ते पतियाळाच्या खटल्यात देशानं पाहिलं. २७ डिसेंबर १९८८. भर रस्त्यात उभी केलेली गाडी बाजूला घ्या, एवढ्यावरून वाद झाला, हाणामारी झाली आणि ६५ वर्षांच्या एका गृहस्थाचा जीव गेला. आरोपी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये त्यांना १००० रुपये दंड केला होता. पुढे फेरविचार झाला आणि १९ मे २०२२ रोजी एक वर्षाची सक्तमजुरी दिली. मधे ३३ वर्षं गेली. मेलेल्या माणसाच्या घरच्यांनी तेवढी वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या.

म्हणून माझं सांगणं आहे, कोणी अंगावर आला तर खाली उतरू नका. काचा वर घ्या, दारं लॉक करा. त्याला पुढे जाऊ द्या आणि मग आपला वेग आणखी कमी करा, दोघांत दोन-चार गाड्या येऊ द्या. तो पाठलाग करत असेल तर त्याला आपलं घर दाखवू नका. पोलीस चौकी गाठा, नाहीतर दिव्यांचा, माणसांचा पेट्रोल पंप. शेजारी बसलेल्यानं ११२ ला फोन लावावा, गाडीचा नंबर टिपून घ्यावा. त्याच्या तोंडासमोर मोबाइल धरून चित्रीकरण करू नका, त्यानं माणूस जास्त चवताळतो. नंतर तक्रार मात्र जरूर द्या. धोकादायक गाडी चालवणाऱ्यासाठी मोटार वाहन कायद्यात १८४ वं कलम आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १००० ते ५००० रुपये दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं. आणि चूक आपलीच असेल तर हात वर करून कबूल करा. वर केलेला हात बघून निवळलेले किती तरी ड्रायव्हर मी पाहिले आहेत.

हॉर्नबद्दल बोललंच पाहिजे. घाटात आंधळ्या वळणावर आम्ही एक छोटा हॉर्न देतो. त्याचा अर्थ, मी येतोय, सांभाळा. शहरात सिग्नलला तोच हॉर्न शिवीसारखा वापरतात. मुंबई पोलिसांनी मागे काही सिग्नलना आवाज मोजणारं यंत्र जोडलं होतं. हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू. मला ती युक्ती फार आवडली.

शेवटी पुन्हा घाटात येतो. अरुंद घाटरस्त्यावर दोन गाड्या समोरासमोर आल्या, तर उताराच्या गाडीनं थांबायचं आणि चढाच्या गाडीला वाट द्यायची. हा पुस्तकातला नियम आहे आणि आम्ही ड्रायव्हरांनी तो पाळत आणला आहे. कारण भरलेली गाडी चढावर थांबली की पुन्हा उचलताना मागे येते. ज्याला थांबणं सोपं, त्यानं थांबायचं. समोरचा कोण आहे, त्याची गाडी केवढ्याची आहे, हे कोणी बघत नाही.

पावसाळ्यात तुम्ही आंबा घाटात जाल, कुंभार्लीत याल. उतरताना समोरून घरघरत चढणारी लाल गाडी दिसली तर थोडं थांबा. दिवे डीम करा आणि तिला जाऊ द्या. आमचा ड्रायव्हर जाता जाता स्टिअरिंगवरचा हात उचलून तुम्हाला सलाम करील. तुम्हीही हात करा.