छातीवरचे चिन्ह

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत अभ्यासगटातर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय फळ्यावर लागला तेव्हा दोघा-तिघांनी आम्हाला विचारले, "अहो, गणपतीत सागरी कमांडोंचे गणवेश आणि बिल्ले कुठून आणले?" खरे सांगायचे तर विषय आम्ही शोधला नाही, तोच आमच्याकडे आला. मागच्या वर्षीच्या वेशभूषा स्पर्धेत एक सहा वर्षांचा मुलगा सागरी कमांडो होऊन आला होता. बाजारातले हिरव्या ठिपक्यांचे कापड, छातीवर पाच पदके, दोन्ही दंडांवर बिल्ले. टाळ्या पडल्या, पहिले बक्षीस मिळाले. कार्यक्रम संपल्यावर नौदलातून निवृत्त झालेले आपले एक सभासद हळूच म्हणाले, "पोरगं गोड होतं. पण त्या एकेका बिल्ल्याची किंमत काय पडते, हे कुणी सांगितलं का त्याला?"

स्पर्धा आम्हीच ठेवली होती, परीक्षकही आम्हीच होतो. उत्तर मात्र आमच्यापैकी कुणाकडेच नव्हते. म्हणून वर्षभर वाचले. त्यातले थोडे आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी एक साधा प्रश्न. सैनिक गणवेश का घालतो? रुबाबासाठी, शिस्तीसाठी, ही उत्तरे बरोबरच आहेत. पण आणखी एक उत्तर आहे. १९०७ सालच्या हेग येथील युद्धनियमांप्रमाणे सैनिक दुरून ओळखू येईल असे ठरलेले चिन्ह बाळगतो, शस्त्र उघडपणे वागवतो, आणि म्हणून पकडला गेल्यास तो युद्धकैदी ठरतो. त्याला मारता येत नाही. वेश बदलून हेरगिरी करणाऱ्याला हे संरक्षण नाही. म्हणजे बाहीवरचा तो कापडाचा तुकडा शत्रूला उद्देशून लिहिलेले पत्रच असते. त्यात लिहिलेले असते, मी चोर नाही, हेर नाही, मी सैनिक आहे.

आता १९४२ सालच्या डिसेंबरात चला. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात होता. बोर्दो बंदरातून जर्मनीची मालवाहू जहाजे पूर्वेकडे ये-जा करीत. बंदर समुद्रापासून बरेच आत, जिरोंद खाडीतून वर गेल्यावर लागते. ती जहाजे निकामी करण्याचे काम ब्रिटिश रॉयल मरीन्सच्या एका लहान तुकडीकडे आले. प्रमुख होते मेजर हॅस्लर. साधन काय, तर कापडी बाजूंच्या, घडी होणाऱ्या, दोन माणसांच्या होड्या आणि चुंबकाने जहाजाला चिकटणारे सुरुंग.

त्यांचा पोशाख कामापुरता बेतलेला होता. पाणी न शिरणारे ठिपक्यांचे जाकीट, त्याच्या खालच्या घेराला इलास्टिक. तो घेर होडीच्या तोंडावर ताणून बसवला की आत लाट शिरत नसे. अंधारात दिसू नये म्हणून तोंडाला काळे फासलेले. असे सगळे लपण्यासाठी केलेले असताना त्या जाकिटावर तीन गोष्टी मुद्दाम शिवल्या होत्या. खांद्यावर 'रॉयल मरीन्स' ही अक्षरे, हुद्द्याची खूण आणि संयुक्त मोहिमांचे चिन्ह.

हे चिन्ह आम्ही मोठे काढून भिंतीवर लावले आहे, पाहा. गडद निळ्या कापडावर लाल रंगात एक नांगर, एक टॉमी गन आणि पंख पसरलेला गरुड. नांगर आरमाराचा, बंदूक पायदळाची, गरुड हवाई दलाचा. तिन्ही दले एकत्र, एवढाच त्याचा अर्थ. त्या वेळी या संयुक्त मोहिमांचे प्रमुख होते माउंटबॅटन, जे पुढे आपल्याकडे शेवटचे व्हाइसरॉय म्हणून आले.

ही चिन्हे शिवण्यामागे हिशेब सरळ होता. पकडले गेलो तर आम्ही सैनिक आहोत हे दिसावे. त्यांना एक गोष्ट माहीत नव्हती. १८ ऑक्टोबर १९४२ रोजी हिटलरने गुप्त आदेश काढला होता. कमांडो गणवेशात असो वा नसो, शस्त्र हातात असो वा नसो, त्याला ठार मारा. त्या आदेशाच्या मोजक्या १२ प्रती काढल्या होत्या.

७ डिसेंबरच्या रात्री 'ट्यूना' पाणबुडीने त्यांना खाडीच्या तोंडाबाहेर सोडले. सहापैकी एक होडी पाणबुडीतून बाहेर काढतानाच फाटली. पाच होड्यांतून दहा जण निघाले. दिवसा काठावर लपायचे, रात्री भरतीबरोबर वल्हवायचे. एक होडी उलटली आणि तिच्यातले दोघे थंडीच्या पाण्यात गेले. शेवटी दोनच होड्या बोर्दोला पोहोचल्या. ११ डिसेंबरच्या रात्री चौघांनी सुरुंग चिकटवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बंदरात स्फोट झाले.

पण पहिल्याच रात्रीनंतर सार्जंट वॉलेस आणि मरीन युअर्ट हे दोघे पकडले गेले होते. अंगावर गणवेश, गणवेशावर चिन्हे. ११ डिसेंबरला त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. आणखी चौघे नंतर पकडले गेले, त्यांनाही मारले. दहांपैकी परतले दोघेच, हॅस्लर आणि मरीन स्पार्क्स. परतण्यासाठी त्यांना तोच गणवेश उतरवावा लागला. फ्रेंच शेतकऱ्यांकडून जुने कपडे मागून घेऊन ते रुफेक गावापर्यंत चालत गेले आणि तिथल्या लोकांच्या मदतीने स्पेनमार्गे सुटले.

वाचताना आम्ही एका ठिकाणी थांबलो. खुद्द जर्मन आरमाराच्या युद्ध-दैनंदिनीत अशा अर्थाची नोंद आहे, की हे सैनिक गणवेशात होते, त्यामुळे त्यांना मारणे ही आंतरराष्ट्रीय कायद्यात नवीनच गोष्ट आहे. म्हणजे पत्र पोहोचले होते, वाचलेही गेले होते, तरी फाडून टाकले. युद्ध संपल्यावर न्यूरेंबर्गच्या न्यायालयात हा आदेश गुन्हा ठरला. त्यांच्या गणवेशावरच्या चिन्हांनी त्यांचा जीव वाचवला नाही, पण मारणाऱ्यांना 'आम्हाला माहीत नव्हते' असे म्हणण्याची सोय ठेवली नाही. आम्हाला तरी ही गोष्ट लहान वाटत नाही.

आता आपल्या घराजवळ या. सड्यावर उभे राहिले की जे मुरगाव बंदर दिसते, तिथे युद्ध सुरू झाल्यापासून जर्मन जहाजे अडकून पडली होती. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून गोवाही तटस्थ. त्यांतल्या 'एरेनफेल्स' जहाजावरून जर्मन पाणबुड्यांना बिनतारी संदेश जातात, असा ब्रिटिशांचा संशय होता. ९ मार्च १९४३ च्या रात्री एका गाळ वाहणाऱ्या होडीतून काही माणसे त्या जहाजावर चढली. कलकत्त्याचे व्यापारी, कंपन्यांतले साहेब, 'कलकत्ता लाइट हॉर्स' या हौशी दलाचे मध्यमवयीन सभासद. तटस्थ बंदरात गणवेशातली तुकडी पाठवणे सरकारला शक्य नव्हते. म्हणून ज्यांची जबाबदारी झटकता येईल अशी माणसे निवडली. जर्मनांनी आपली जहाजे स्वतःच पेटवून बुडवली. हे लोक परत गेले, आणि पदक नाही, जाहीर नोंद नाही, अशी पस्तीसेक वर्षे गेली. बोर्दोत चिन्ह असून मान मिळाला नाही. मुरगावात चिन्हच नको होते.

तिसरी गोष्ट १९७१ ची. पलाशीजवळ भागीरथीच्या काठी आपल्या नौदलाने पूर्व बंगालच्या तरुणांना पोहून जहाजे उडवायला शिकवले. कामगिरीची सूत्रे होती कमांडर एम. एन. आर. सामंत यांच्याकडे. या मुलांचा गणवेश काय होता? पोहण्याची चड्डी, पायात फिन्स, कमरेला सुरी आणि छातीवर गमछाने बांधलेला सुरुंग. छातीवर पदकाच्या जागी सुरुंग! ऑगस्टच्या मध्यावर आकाशवाणीवर ठरलेले गाणे लागले, तो इशारा मानून ते चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज येथे पाण्यात उतरले.

डिसेंबरात सामंतांच्या हाताखाली 'पद्मा' आणि 'पलाश' या बोटी आपल्या 'पनवेल'बरोबर खुलन्याकडे निघाल्या. आपल्याच विमानांनी मारू नये म्हणून ओळखीची पिवळी खूण केली होती. तरी १० डिसेंबरला आपल्याच विमानांनी चुकून हल्ला केला. 'पलाश'वरचे इंजिन सांभाळणारे रुहुल अमीन त्यात गेले. बांगलादेशाने त्यांना 'बीरश्रेष्ठ' हा सर्वोच्च मान दिला. तो मोठा पिवळा रंगही कुणाच्या तरी डोळ्यांना दिसला नाही.

मंडळी, यातून आम्ही एवढेच शिकलो. चिन्ह म्हणजे चिलखत नव्हे. समोरच्याने ते मानले तरच त्याला अर्थ. आणि मानण्याची सवय युद्धात लागत नाही, ती शांततेत, आपल्यासारख्यांच्या घरांत लागते. बाजारात शंभर रुपयांना पाच पदके मिळतात तेव्हा आपण नकळत ती सवय मोडत असतो.

म्हणून या वर्षीपासून स्पर्धेत एक छोटा बदल केला आहे. मुलांनी सैनिक जरूर व्हावे, पण पदक लावू नये. बिल्ला एकच लावावा आणि त्याची गोष्ट दोन मिनिटांत सांगावी. गुण कपड्यांना नाहीत, गोष्टीला आहेत. मागच्या वर्षीचा तो मुलगा यंदाही आला आहे. त्याने स्वतः पुठ्ठ्यावर नांगर, बंदूक आणि गरुड रंगवले आहेत. आणि त्याची तयारी घेणारे परीक्षक आमच्यापैकी कुणी नाहीत, ते आपले निवृत्त सभासद आहेत. रोज संध्याकाळी आरतीनंतर दोघे पायरीवर बसलेले दिसतात.

आता आमचे थांबवतो. त्याची गोष्ट ऐकू या.

गणपती बाप्पा मोरया!